कारण : इतर

सिमचा खण उघडायचा, टॉर्च मारायची.
आत तांदळाच्या कणीएवढा कागद असतो.
पांढरा असेल तर फोन आमचा,
लाल असेल तर तुमचा.
एवढंच काम. मनामात, गुदैबियाच्या कोपऱ्यावर
सात वर्षं मी कण्या निवडतोय.

आडनाव तांडेल. आजोबा हात बुडवून सांगायचे
भरती किती राहिली.
मला पोहता येत नाही.
पाणी कुठून आत शिरलं एवढं मात्र सांगतो
आणि त्याचा पगार घेतो.

काउंटरमागे जाहिरात आहे :
निळ्या पाण्यात फोन, भोवती मासे, मासे खूश.
खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत
दीड मीटर, अर्धा तास, पाणी गोडं आणि स्थिर.
गोडं आणि स्थिर!
ज्या देशाचं नावच दोन समुद्र
तिथे गोडं बाटलीत मिळतं
आणि स्थिर कोण आहे? व्हिसासुद्धा दोन वर्षांचा.

ट्रेनिंगला आलेल्या बाई म्हणाल्या,
प्रूफ म्हणू नका, रेझिस्टंट म्हणा.
प्रूफ म्हणजे शब्द दिला.
रेझिस्टंट म्हणजे बघू, प्रयत्न करू.
मी वहीत लिहून घेतलं.
हे लग्नाआधी कळायला हवं होतं, असंही वाटलं,
ते लिहिलं नाही.

दुकानाचा मालक जासिम, त्याचा आजा मोत्यांसाठी बुडायचा.
जासिम सांगतो, समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
आजा बुडून चामड्याची पिशवी भरून आणायचा.
मोत्याचं पाणी व्यापारी जोखायचा,
बुडणाऱ्याच्या नावावर वहीत कर्ज.
"आणि वॉरंटी?" मी विचारलं.
तो हसला, चहा सांडेपर्यंत.

मेच्या अखेरीस मुबीन चौगुले आला, मंडणगडचा.
पाण्यात पडला का?
नाही.
पूल? बीच?
"भाऊ, मी गच्चीवर डक्ट बसवतो.
बीच वरून दिसतो."

टॉर्च मारली. डाळिंबाचा दाणा.

मग त्याने शर्टाचा खिसा ताणून दाखवला.
कापडावर मिठाची पांढरी रेघ,
ओहोटीनंतर वाळूवर राहते तशी,
खिशाच्या बरोब्बर वर.
"घाम," तो म्हणाला.
"तो तुमच्यात पाण्यात धरतात?"

फॉर्मवर यादी आहे :
समुद्र, पूल, सिंक, संडास, पेय.
मी वरून खाली गेलो, खालून वर आलो.
जाहिरातीतले मासे बघत होते.
साडेबेचाळीस डिग्रीत छातीशी धरलेली वस्तू
कुठल्या टाकीत किती वेळ बुडवून तपासली,
हे विचारायला यादीत जागा नाही.

तो सांगतच होता.
घरी बोअर मारत होते. दोनशे ऐंशी फूट, नुसती धूळ.
बायकोने व्हिडिओ कॉल लावून फोन खड्ड्यावर धरला,
हा इकडे शिडीवर.
आणि एकदम उसळलं, पाईपच्या तोंडातून, बाया ओरडल्या,
आणि स्क्रीन धुरकट झाली, मग काळी.
"खरं सांगू?
मला वाटलं तिकडचंच पाणी इकडे आलं."

मी 'इतर'वर खूण केली.
शेरा लिहिला :
फोन माणसाच्या खिशात होता. माणूस कामावर होता.
उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं.
तेच आलं, दोन दिवसांनी, तीन शब्दांत.

पण त्या दुपारी सिमचा खण
अजून काउंटरवर पडला होता,
कडेला एक थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा.
मुबीनने तो बोटाने टिपला,
माझ्याकडे बघितलं,
जिभेला लावला.

"खारट," म्हणाला.
"माझंच."